अग्निहोत्र्यांचा फायरमन

नेवासकर शास्त्री आपली मुलगी दाखवायला घेऊन येणार, म्हणून बेलापूरच्या अग्निहोत्र्यांचं घर त्या सकाळी दोनदा सारवून झालं. एकदा अंबिकाकाकूंनी सारवलं. ते काकासाहेबांना पसंत पडलं नाही, म्हणून पुन्हा एकदा अंबिकाकाकूंनीच सारवलं. काकासाहेबांनी दोन्ही वेळा दारात उभं राहून सूचना दिल्या. या घरात नवराबायकोत कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच होती.

घराची सगळी अब्रू माजघराच्या पलीकडे, एका अंधाऱ्या खोलीतल्या कुंडात होती. तिथे अग्नी होता. पणजोबांनी अरणी घुसळून काढलेला आणि तेव्हापासून एकदाही खंडित न झालेला, असं काकासाहेब सांगत, आणि ऐकणाऱ्याने विचारलं नाही तरी सांगत. 'विझणे' हे क्रियापद या घरात हद्दपार होतं. चूल शांत व्हायची, दिवा मालवायचा. कोणाच्या तोंडून चुकून 'विझला' निघालंच, तर त्याला तिथल्या तिथे आचमन करावं लागे. खरं म्हणजे शास्त्राप्रमाणे ज्याचा अग्नी त्याच्याबरोबर जातो. तो विहिरीच्या पाळीसारखा चुलत्याकडून पुतण्याकडे येत नाही. पण अग्निहोत्र्यांनी आपल्यापुरतं शास्त्र थोडं सैल करून घेतलं होतं आणि बेलापुरात त्यांना दुरुस्त करणारं कोणी नव्हतं.

काकासाहेबांना मूल नव्हतं. त्यामुळे अग्नी धाकट्या भावाच्या, सुमंताच्या मुलाकडे जायचा होता. मुलाचं नावही त्याच बेताने यज्ञेश्वर ठेवलेलं. सुमंत नगरला मामलेदार कचेरीत कारकून. बायको गेली तेव्हा तीन वर्षांचं पोर त्यांनी वहिनींच्या ओटीत टाकलं होतं, आणि अंबिकाकाकूंनी ते वाढवलं. वाढवलेलं पोर पुढे मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलं आणि बापाकडे नगरला गेलं.

लढाईचे दिवस होते. जपानी विमानं येऊन नगरवर बाँब टाकणार, अशी नगरकरांची खात्री होती. आपलं गाव बाँब टाकण्याइतकं महत्त्वाचं नाही, हे कबूल करायला कोणतंच गाव तयार नसतं. तेव्हा बाँबच्या बंदोबस्ताला आगीचा बंब आला, आणि बंबाला माणसं हवीत म्हणून पगारी उमेदवार घ्यायचं ठरलं. सहा महिने शिकायचं, शिकताना पगार घ्यायचा, आणि शेवटच्या पाहणीत साहेबाला पसंत पडलं की कायम व्हायचं. शिकण्याबद्दल उलट आपल्यालाच पैसे मिळतात हे ऐकून सुमंतांना आधी यात काहीतरी लबाडी असावी असं वाटलं. मग त्यांनी बेलापूरला येऊन भावाला एकच वाक्य सांगितलं, "दादा, यज्ञाला फायरमनची उमेदवारी मिळाली."

आता बेलापूरकरांना फायरमन ठाऊक होता तो एकच: दौंड-मनमाड गाडीच्या इंजिनावर उभा राहून भट्टीत कोळसा घालणारा. काकासाहेब मुद्दाम स्टेशनावर जाऊन बघून आले. भट्टीचं दार उघडलं, आत ज्वाळा उसळल्या, एका कळकट माणसाने कोळशाचं फावडं आत रिकामं केलं, आणि काकासाहेबांनी फलाटावरूनच हात जोडले.

"आपण आहुती देतो ती दोन वेळा," घरी येऊन ते अंबिकाकाकूंना म्हणाले. "रेल्वेत तर ती थांबतच नाही. रक्त कुठे जातं बरं!"

दुसऱ्या दिवसापासून गावात ज्याला त्याला ऐकावं लागलं, की अग्निहोत्र्यांचा मुलगा सरकारी अग्निहोत्री झाला.

•

सुमंतांना आयुष्यात दोन गोष्टी उत्तम जमत, मोडी वाचणं आणि गप्प बसणं. पहिलीमुळे नोकरी लागली आणि दुसरीमुळे टिकली. पण आज परसातल्या आडाजवळ मुलाने त्यांना गाठलं तेव्हा दोन्हीपैकी एकाचाही उपयोग नव्हता.

"अण्णा, काका मला विचारताहेत, तुमच्या इंजिनाला कोळसा कुठल्या खाणीतला येतो."

"मग?"

"मग काय? आम्ही जाऊन पोचतो तेव्हाच कोळसा झालेला असतो."

"हळू बोल रे." सुमंतांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे अंबिकाकाकू चिंच लावून एक पितळी वस्तू घासत बसल्या होत्या. ते यज्ञेश्वरचं शिरस्त्राण होतं. उद्याच्या पाहणीसाठी चकचकीत हवं म्हणून त्याने पिशवीतून बरोबर आणलं होतं. इंजिनावर हे कशाला, असं काकासाहेबांनी विचारलंही होतं. निखारे उडत असतील, असं अंबिकाकाकूंनी परस्पर उत्तर दिलं होतं.

"तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत?"

"मी फायरमनच म्हणालो. शब्द बरोबर होता. अर्थ त्यांनी लावला."

"आणि तुम्ही लावू दिलात."

"तुझा काका एकदा अर्थ लावायला लागला की मधे कोण बोलणार?" सुमंत कळवळून म्हणाले. "आजचा दिवस निभावून ने. शास्त्रीबुवांची पाठ वळली की मी सांगतो."

"सहा महिने हेच म्हणताय. मला संध्याकाळच्या गाडीने जायचंय, अण्णा. उद्या सकाळी पाहणी आहे. हजर नसलो तर नाव कटलं. माझ्या जागेवर डोळा ठेवून पुष्कळजण उभे आहेत."

सुमंतांना ते ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला केडगावात कडब्याची गंज पेटली आणि शेजारच्या छपरावर आग गेली, तेव्हा या मुलाने एका म्हातारीला खांद्यावर टाकून बाहेर आणलं होतं. म्हातारीने खाली उतरताक्षणी त्याच्या थोबाडीत मारली, कारण तिची कोंबडी आत राहिली होती. मग तो कोंबडीसाठी पुन्हा आत गेला. त्या रात्री तो गाल चोळत, हसत घरी आला. त्याला असं हसताना सुमंतांनी दोन मॅट्रिकांत एकदाही बघितलं नव्हतं. मुलगा पहिल्यांदाच कशात तरी पास व्हायला निघाला आहे, एवढं त्यांना कळत होतं. ते भावाला सांगण्याची छाती मात्र नव्हती.

"निभावून ने," ते पुन्हा म्हणाले, आणि धोतर सावरत आत गेले.

•

नेवासकर शास्त्री आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि दडप्या पोह्यांची पहिली बशी संपेपर्यंत धर्माविषयीच बोलले. मुलगी, प्रेमला, आल्याबरोबर अंबिकाकाकूंनी आत नेली होती. सातवी झालेली, उंच, डोळ्याला डोळा भिडवून बघणारी. तेवढ्यावरून काकासाहेबांनी मनात तिचा एक गुण कमी केला होता.

"तर जावईबापू," शास्त्रीबुवा दुसरी बशी घेत म्हणाले. "अजून झाला नाहीत म्हणा, पण म्हणायला काय जातं? काकासाहेब म्हणाले, आपण फायरमन. कोणत्या गाडीवर असता?"

यज्ञेश्वरने बापाकडे बघितलं. बाप छताची पाटई निरखत होता.

"आमची गाडी गावाबाहेर फारशी जात नाही. फार तर केडगावपर्यंत."

"केडगाव! मग पॅसेंजर असणार."

"माणसं आम्ही नेत नाही, शास्त्रीबुवा. बाहेर काढतो."

"बिनतिकिटाची?"

"तसं नव्हे. आमच्या गाडीला रूळ नसतात."

"रुळांवाचून रेल्वे?" शास्त्रीबुवांचा घास हातातच राहिला. काकासाहेब कौतुकाने म्हणाले, "लढाईच्या दिवसांत काय काय काढतील नेम नाही."

"रेल्वे नाहीच ती," यज्ञेश्वर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बंब आहे."

"बंब होय!" शास्त्रीबुवांना हायसं वाटलं. बंब त्यांच्याही घरी होता, न्हाणीघरात, तांब्याचा, दोन ठिकाणी डाग दिलेला. "म्हणजे साहेबलोकांना आंघोळीचं पाणी तापवून देता. वाईट नाही. अग्नी नि जल, दोन्हींची सेवा."

"आम्ही पाणी तापवत नाही. मारतो."

"कोणाला?"

"आगीला. कुठे आग लागली की जायचं आणि ती विझवायची."

शास्त्रीबुवांनी घास खाली ठेवला. काकासाहेब सावकाश वळले.

"काय करायची?"

"विझवायची, काका."

दोनदा झालं. आचमनाची पळी पुढे करायचंही कोणाला सुचलं नाही.

"सुमंता," काकासाहेब म्हणाले. "तू मला फायरमन म्हणाला होतास."

"फायरमनच म्हणालो, दादा."

"फायरमन आगीत घालतो. मी डोळ्यांनी बघून आलोय."

"तो रेल्वेचा. हा... हा दुसरा."

"एकच शब्द, आणि एक पेटती ठेवतो, दुसरा मारतो? ही कसली भाषा?"

"इंग्रजी, दादा."

काकासाहेब उठून उभे राहिले. आपण गावाला काय काय सांगितलं, ते सगळं त्यांना एकदम आठवलं असावं, कारण ते आधी पांढरे पडले आणि मग लाल झाले. "पणजोबांनी पेटवला, आजोबांनी राखला, मी जन्म घातला त्यात. आणि ज्याच्या हाती द्यायचा, तो पगार घेऊन अग्नीच्या जिवावर उठलाय! सहा महिने काय शिकलास तिथे?"

"पहिला महिना नुसत्या बंबाच्या नळ्या वाळवल्या," यज्ञेश्वर प्रामाणिकपणे म्हणाला. "कॅनव्हासच्या असतात. ओल्या राहिल्या की कुजतात. आम्हाला शिकवणारे रज्जाक उस्ताद एकेक हुंगून बघायचे."

"म्हणजे धुणी वाळत घालायला शिकलास! ऐक. तू नगरला जाणार नाहीस. आज सायंहोमाला माझ्या शेजारी बसायचं. लग्न झालं की अग्नी तुझा. ती गाडी चुकते तर चुकू दे."

"काका, मला जायला हवं."

"जा. पण मग या घराच्या अग्नीपुढे पुन्हा उभं राहायचं नाही, आणि माझ्या पिंडाला हात लावायचा नाही."

यज्ञेश्वर बोलायला गेला आणि गप्प झाला. पेटत्या छपराखाली दोनदा शिरलेला मुलगा काकांच्या समोर एक पाऊल टाकू शकेना. याच काकांनी त्याला संध्या शिकवली होती, गोवर आला तेव्हा उशाशी बसून जप केला होता. त्याने मान खाली घातली, आणि आपण हरलो हे त्याला कळलं.

अशा वेळी पाहुण्याने खरं तर उठून जायचं. शास्त्रीबुवांनी उरलेले पोहे संपवले, हात पुसले आणि हळूच विचारलं, "पगारी म्हणालात ना? उमेदवारीतसुद्धा?"

"हो," सुमंत म्हणाले.

"आणि कायम झाल्यावर? पेन्शन वगैरे?"

"म्युनिसिपालिटीची नोकरी आहे. कायम म्हणजे कायम."

"हं." शास्त्रीबुवांनी डोळे मिटून थोडा विचार केला. राखेत बसणारा जावई त्यांना चालला असता. लग्नाच्या बाजारात तेव्हा त्याहून चांगलं काही नव्हतं. पण आता होतं. "काकासाहेब, तसं पाहिलं तर वरुणही देवच. अग्नीहून अंमळ जुनाच म्हणतात."

"शास्त्रीबुवा!"

"रागावू नका. घरचा प्रश्न आहे, तुम्ही ठरवा. मला फक्त निघण्याआधी त्या अखंड अग्नीचं दर्शन घडवा. नेवाशाला जाऊन सांगता आलं पाहिजे."

एवढ्या पडझडीत आपली म्हणून एक गोष्ट शाबूत आहे हे आठवून काकासाहेबांचा चेहरा जरा उजळला. "आत्ता घडवतो," असं म्हणून ते सोवळ्याचा कद नेसायला आत गेले.

•

त्याआधी, माजघरात पोहे चालले होते तेव्हाच, अग्नीच्या खोलीत प्रेमला कुंडापाशी उकिडवी बसली होती. अंबिकाकाकूंनी तिला घर दाखवता दाखवता इथवर आणलं होतं. तिने राखेवर आधी लांबून आणि मग अगदी जवळून तळवा धरला.

"काकू, हे गार आहे."

"असणारच," अंबिकाकाकू म्हणाल्या. "सकाळी दोनदा सारवलं ना, ओल चढली. आणि त्या गडबडीत माझं लक्षही नव्हतं."

त्या जराही घाबरल्या नाहीत, याचंच प्रेमलाला भय वाटलं. काकूंनी कोपऱ्यातल्या रचाईतून गोवरीचा एक तुकडा उचलला आणि मागच्या दाराकडे निघाल्या.

"कुठे निघालात?"

"चांदबीकडे. भिंतीपलीकडे. आमची चूल सकाळीच उरकलीय, आणि काडेपेटी महिन्यात बघायला नाही मिळाली. तिच्या घरी चार माणसं वखारीत राबणारी, चूल कायम धडाडलेली असते."

"तिथून विस्तव आणायचा? या कुंडात?"

"मग कुठून? पावसाळ्यात तर आठवड्याला एक फेरी ठरलेली. तिची चूल निवली तर ती आमच्याकडे येते." काकूंनी तिच्याकडे बारकाईने पाहिलं. "चालत नाही का तुम्हाला?"

प्रेमलाने क्षणभर विचार केला. "अग्नीला विटाळ नसतो, असं बाबाच कीर्तनात सांगतात."

"मग झालं तर."

इतक्यात माजघरातून काकासाहेबांचा आवाज आला. दोघी ऐकत राहिल्या. नळ्या, धुणी, सायंहोम, पिंड, सगळं ऐकू आलं. पुतण्याचं शेवटी गप्प होणंही ऐकू आलं. अंबिकाकाकूंचे डोळे धुराने गेल्या काही वर्षांत अधू झाले होते, पण कान शाबूत होते.

त्यांनी गोवरीचा तुकडा होता तिथे परत ठेवला.

"आज नाही जात," त्या म्हणाल्या. मग प्रेमलाच्या कानाशी लागून त्यांनी काहीतरी सांगितलं. प्रेमलाने एकदा माजघराच्या दाराकडे पाहिलं, पदर खोचला, आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

कद नेसून काकासाहेब आले तेव्हा बायको कुंडाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्यासमोर अशी टेकून ती कधी बसत नसे.

"शास्त्रीबुवा दर्शनाला येताहेत. राख सार, ज्वाळा दिसली पाहिजे."

"विझलाय."

"काय?"

"अग्नी विझलाय. राख गार आहे, हात लावून बघा."

काकासाहेबांनी हात लावून बघितला नाही. ते मटकन खाली बसले. "पणजोबांपासूनचा... आज? नेमका आज?"

"आज कसला? मी या घरात आले त्याच वर्षी आषाढात विझला. सासूबाईंनी मला खापरी दिली आणि मागचं दार दाखवलं. त्यांनाही त्यांच्या सासूने दाखवलं असणार. तुम्ही होमाला येऊन बसायचात तेव्हा तो पेटलेला असायचा, म्हणून तुम्हाला वाटायचं तो पेटलेलाच असतो."

"कुठून आणायचीस?"

"हल्ली चांदबीकडून. त्याआधी तिच्या सासूकडून."

या घटकेला कोणाही माणसाने आपल्या आयुष्याचा फेरविचार केला असता. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "असो. झालं ते झालं. मग आण ना लवकर! बाहेर पाहुणे बसलेत."

"आणते. यज्ञाला जाऊ द्या, मग आणते."

"अग, तू मला अडवतेस?"

"हो." अंबिकाकाकू म्हणाल्या. "तीन वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्या कुशीत वाढलाय. तो गेला की हे घर मला खायला उठणार आहे, मला का कळत नाही? इथे राहिला तर माझ्यासाठी बरंच आहे. पण मग उद्या ती पोर या खोलीत बसेल फुंकणी घेऊन, माझ्यासारखी डोळे चोळत, आणि तो बाहेर बसून लोकांना अखंड अग्नीच्या गोष्टी सांगेल. माझा जन्म गेला तेवढा पुरे."

"मी तुझ्यावाचून अग्नी काढू शकत नाही असं वाटतं काय तुला?"

"काढा की. अरणी तिथेच आहेत, फळीवर."

•

अरणी फळीवर होत्या. खालच्या लाकडात मुंग्यांनी वारूळ केलं होतं. काकासाहेबांनी ते झटकलं, मंत्र म्हटला, दोरी गुंडाळली आणि घुसळायला लागले. माजघरातून शास्त्रीबुवांचा आवाज आला, "सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही." त्यांनी पन्ह्याचा तिसरा पेला मागून घेतला होता.

लाकूड फिरलं, कुरकुरलं, तापल्यासारखं वाटलं आणि थंड झालं. काकासाहेबांच्या अंगावरून घामाचे ओघळ वाहायला लागले. एक थेंब नेमका अरणीवर पडला. शेवटी त्यांनी पुतण्याला आत बोलावलं. दोरी त्याच्यापुढे करून धापा टाकत म्हणाले, "ओढ. तुझ्या दंडात जोर आहे."

यज्ञेश्वरने कुंडातली गार राख बघितली, काकूकडे बघितलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याने दोरी घेतली, मनापासून ओढली, पुष्कळ ओढली. काही झालं नाही.

"मला पेटवायला नाही शिकवलं, काका," तो हळूच म्हणाला. "उलटं शिकवलंय."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो काकासाहेबांना फार झोंबला. त्यांनी दोरी हिसकावून घेतली, "बाहेर जाऊन पाहुण्यांपाशी बैस," म्हणाले, आणि तो गेल्यावर बायकोकडे बघितलं. ती जागची हलली नव्हती. मुलगा सोडावा तर घरात बायकोचं राज्य झालं. सोडू नये तर नेवाशापर्यंत बभ्रा. या दोन्हींमधून एक तिसरी वाट आहे हे त्यांना आत्ताच सुचलं, आणि आपल्या बुद्धीचं कौतुकही वाटलं. बायकोला जिथून विस्तव मिळतो, तिथून आपल्याला का मिळू नये?

त्यांनी गोवरीचा तुकडा उचलला. कद सावरला. मागच्या दाराने परसात आले, आणि जन्मात पहिल्यांदा पडक्या भिंतीची खिंड ओलांडून शेजारच्या अंगणात उतरले.

चांदबी पडवीत चुलीपुढे भाकरी थापत होती. चुलीत विस्तव होता. पाहिजे तेवढा, लालभडक, आणि कोणाचा म्हणून न ओळखता येणारा.

"चांदबी," काकासाहेब म्हणाले.

तिने वर बघितलं आणि पीठभरल्या हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आगं बया, काकासाहेब? आज तुमी कसं काय? काकी बऱ्या हायत न्हवं?"

गोवरी कशाला आणली, असं तिने विचारलं नाही. ते काकासाहेबांच्या लक्षात आलं. या गल्लीत कोणालाच कधी विचारावं लागलं नसणार, हेही लक्षात आलं.

"बऱ्या आहेत. जरा... विस्तव हवा होता."

"हाय की. लई हाय." पण चांदबीने चिमट्याला हात लावला नाही. भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "पर काकींचा निरोप हाय. यज्ञादादाचा टांगा हालल्याबिगर तुमच्या घरात कुनाला बी विस्तव द्यायचा न्हाई. म्या इचारलं, कुनाला बी म्हंजी? तर म्हने, सोता काकासाहेब आले तरी."

"कोण म्हणे?"

"आवो, तुमची सूनबाई. आत्ताच तर आलती भिताडापाशी सांगाया. गुनाची हाय पोरगी."

"सूनबाई?" काकासाहेबांना आवाज सापडला. "अजून काही ठरलेलं नाही."

"ठरलं की," चांदबी म्हणाली. "तिनंच सांगितलं मला."

काकासाहेबांनी मागे वळून पाहिलं. आपल्या घराच्या दारात प्रेमला उभी होती. तिच्यामागे अंबिका होती. दोघींपैकी एकीनेही नजर खाली केली नाही. माजघरात शास्त्रीबुवा खाकरले. दर्शनाची वेळ झाली, असा त्याचा अर्थ होता.

"सुमंता!" काकासाहेब ओरडले. आवाज नेहमीचाच होता, हुकमी. "टांगा बोलाव! पोराची गाडी चुकवतोस काय?"

घरात धावपळ झाली. पिशवी, शिरस्त्राण, काकूंनी बांधलेली शिदोरी. यज्ञेश्वरच्या पायांचा आवाज माजघरातून अंगणात आला, अंगणातून पुन्हा आत गेला, आणि अंबिका "नीट राहा रे बाळा" म्हणाली, ते भिंतीपलीकडेही ऐकू आलं.

"बोलावला टांगा," काकासाहेब गोवरी पुढे करत म्हणाले. "आता दे."

"बोलावून न्हाई भागायचं, हालला पायजे," चांदबी म्हणाली. तिने भाकरी उलटली, आणि फुंकणीने बाजूचा धोंडा दाखवला. "बसा वाईच तवर. हितं धूर न्हाई येत."

काकासाहेब कद सावरून त्या धोंड्यावर बसले, आणि पुतण्याचा टांगा कधी निघतो त्याची वाट बघू लागले.